देवाचा वाटा आणि मुलांचं पासबुक

कळमनुरी भागातल्या माळकरी घरांत हळदीची पट्टी हातात आली की देवाचा वाटा आधी बाजूला निघतो. मुस्लिम घरांत वर्षभर साठून राहिलेल्या धनावर अडीच टक्के जकात काढतात. मुलं हे पाहतात, पण त्यामागचा हिशेब त्यांना क्वचितच कोणी सांगतं. तो सांगायलाच हवा.

आषाढीच्या वारीआधी मुलाच्या हातात वही द्या. दिंडीची भिशी, एसटीचं भाडं, प्रसादाचे चुरमुरे, दानपेटीत टाकलेले पैसे, सगळं त्यानेच लिहावं आणि परतल्यावर शिल्लकही त्यानेच जुळवावी. कर्ज काढून भंडारा घालू नये, हेही त्याला कळू द्या. तुकोबांचं घराणं महाजनकीचं; तरी आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. कर्जदाराचं दुःख मुलांना समजावायला याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही.

उरलेले पैसे खात्यात टाका. पोस्टात 10 वर्षांवरील मूल किमान 500 रुपयांत बचत खातं उघडून स्वतः चालवू शकतं. मुलगी 10 वर्षांच्या आतली असेल, तर पालकांना तिच्या नावे 250 रुपयांत ‘सुकन्या समृद्धी’ खातं उघडता येतं. जन्मदाखला सोबत न्या आणि भरणा स्लिप मुलांनाच लिहू द्या.