तासाचा आकडा आणि कामगारांची गळती

बंगळूरच्या पीण्या, बोम्मनहळ्ळी आणि म्हैसूर रस्ता या भागांतील तयार कपड्यांच्या कारखान्यांत बहुसंख्य कामगार स्त्रिया आहेत. त्यांतल्या अनेकजणी वर्षही न भरता काम सोडतात. व्यवस्थापन याला चंचलपणा म्हणते, पण कामाची रचना पाहिली की हे निदान टिकत नाही.

कारखान्यातला शर्ट कोणी एकटी शिवत नाही. कॉलर, कफ, बाही, बटणपट्टी अशा प्रत्येक कृतीसाठी लाइनमध्ये एकेक शिलाई कामगार बसलेली असते. अभियंता घड्याळ लावून त्या कृतीची प्रमाणित वेळ काढतो. ती ४५ सेकंद ठरली, की तासाला ८० नग आणि आठ तासांत ६४० नग हे टार्गेट होते. दर तासाचा आकडा लाइनच्या टोकाला फळ्यावर चढतो. शास्त्राप्रमाणे प्रमाणित वेळेत थकवा आणि यंत्राचा खोळंबा यांची सूट धरलेली असते. माल रवाना करण्याची तारीख जवळ आली, की ही सूट कागदावरच राहते.

सुई तुटली तर काय होते, ते पाहण्यासारखे आहे. कपड्यात धातूचा कण राहू नये म्हणून तुटलेल्या सुईचा प्रत्येक तुकडा शोधून नोंदवहीत चिकटवावा लागतो, त्याशिवाय नवी सुई मिळत नाही. नियम योग्यच आहे. पण ती बाई यंत्राखाली वाकून तुकडा शोधत असते तेव्हा फळ्यावरचा तास थांबत नाही. मागून बंडले येत राहतात, पुढची कामगार रिकामी बसते आणि सुपरवायझरचा आवाज चढतो. आकडा चुकू नये म्हणून कित्येकजणी पाणीच कमी पितात, म्हणजे शौचालयात जावे लागत नाही. त्यातून मूत्रमार्गाचे विकार जडतात.

सुपरवायझरवरही वरून दाब असतो. परदेशी ब्रँडचा माल वेळेत जहाजावर चढला नाही, तर विमानाने पाठवण्याचा खर्च बऱ्याचदा कारखान्याच्या माथी येतो. वरून आलेला हा दाब शेवटी यंत्रावर बसलेल्या बाईवर येऊन पडतो, आणि तिला तो पुढे कोणावर ढकलता येत नाही.

लाइनचा वेग सर्वांत संथ जागेवर ठरतो. एकजण गैरहजर राहिली, की तिचे काम शेजारणीवर पडते. शेजारीण थकते आणि काही दिवसांनी तीही येईनाशी होते. नवी कामगार हात बसेपर्यंत मागे राहते, त्यामुळे उरलेल्यांवरचा ताण आणखी वाढतो. गळतीतूनच पुढची गळती होते ती अशी.

काम सोडण्यामागे हिशेबही असतो. मुलांची फी, लग्न, सावकाराचे देणे यांसाठी हाताशी असलेली एकमेव रक्कम म्हणजे भविष्यनिर्वाह निधी. पूर्ण निधी हाती यावा म्हणून नोकरी सोडायची आणि पुढे शेजारच्या कारखान्यात नवी म्हणून लागायचे, हा मार्ग त्यातून रूढ झाला. त्यात ग्रॅच्युइटी बुडते, कारण १९७२च्या कायद्याने तिच्यासाठी पाच वर्षांच्या सलग सेवेची अट घातली. फेब्रुवारी २०१६मध्ये केंद्राने भविष्यनिर्वाह निधीतील मालकाच्या हिश्शाची रक्कम वयाच्या ५८व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही असा नियम केला. एप्रिलमध्ये बंगळूरच्या हजारो कामगार स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९ एप्रिलला सरकारने तो नियम मागे घेतला. हा पैसा त्यांच्यासाठी म्हातारपणाची ठेव नसून आजच्या संकटाची तरतूद होती, हे दिल्लीला त्या वेळी कळले.

घराची ओढही मोठी असते. ३०हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर हवे, असे १९४८च्या कारखाने कायद्याने बंधन घातले. पण खोली असली तरी तिथे सांभाळणारी विश्वासाची बाई नसेल, तर आई मूल ठेवत नाही. ती काम सोडते.

उपाय अवघड नाहीत. अर्थतज्ज्ञ अच्युत अध्वर्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील कपडे कारखान्यांत एक प्रयोग केला. पगारवाढ अपेक्षेपेक्षा कमी मिळाल्यावर काही कामगारांना निनावीपणे मत मांडण्याची संधी दिली. ज्यांना ती मिळाली, त्यांच्यात काम सोडण्याचे प्रमाण इतरांहून कमी राहिले. अर्थात नुसते ऐकून घेणे म्हणजे वेतन नव्हे. टार्गेट ठरवताना सूट खरोखर पाळणे, गैरहजेरीच्या दिवशी आकडा कमी करणे, शिवीगाळ करणाऱ्या सुपरवायझरला जाब विचारणे आणि जगण्यापुरता पगार देणे, एवढे कारखान्याने केले पाहिजे. त्याला परवडेल असा दर ब्रँडने दिला पाहिजे.