खुर्च्या काढलेले विमान

आज आधी एक कोडे घालतो. एका विमान कंपनीकडे १९ आसनांची विमाने आहेत. प्रवासी आहेत, इंजिने धडधाकट आहेत, इंधनाचीही वाण नाही. तरीही एके दिवशी ही कंपनी आपल्या काही विमानांतल्या १० खुर्च्या उखडून काढते आणि उरलेल्या ९ खुर्च्यांवर उड्डाणे सुरू ठेवते. का बरे?

हे कोडे मी वर्गात घातले तेव्हा बहुतेकांनी वजनाकडे बोट दाखवले. भौतिकशास्त्राच्या तासाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्रातच असणार, हा विद्यार्थ्यांचा हिशेब! एकाने माल वाहण्यासाठी जागा केली असेल असे सांगितले. खरे उत्तर कोणालाच आले नाही. कंपनीला वैमानिक मिळत नव्हते, म्हणून खुर्च्या काढल्या.

ही कंपनी म्हणजे अमेरिकेतील वायोमिंग राज्यातल्या शायेन गावची ग्रेट लेक्स एअरलाइन्स. मोठी विमाने जिथे उतरत नाहीत अशा लहान गावांना मोठ्या विमानतळांशी जोडायचे, हे तिचे काम. अशा कंपन्यांना प्रादेशिक विमानसेवा म्हणतात. २०१३ साली अमेरिकेत नवा नियम आला, की नियमित प्रवासी विमानसेवेतल्या सहवैमानिकाच्या नोंदवहीतही किमान १५०० तासांचे उड्डाण हवे. त्याआधी सुमारे २५० तासांवर व्यावसायिक परवाना मिळाला की सहवैमानिकाच्या खुर्चीत बसता येई. मात्र ९ किंवा त्याहून कमी आसनांच्या विमानांना वेगळी नियमावली होती. म्हणून २०१४ मध्ये खुर्च्या निघाल्या. कमी तासांचे वैमानिक चालतील, पण प्रवासी निम्म्याहून कमी, असा तो सौदा होता. तो फार काळ परवडला नाही. मार्च २०१८ मध्ये कंपनीने आपली उड्डाणे थांबवली.

हा १५०० तासांचा नियम आला कोठून, हे पाहायचे तर आपल्याला १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्रीकडे जावे लागेल. न्यूअर्कहून बफेलोकडे निघालेले कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचे विमान धावपट्टीपासून काही किलोमीटर अलीकडे एका घरावर कोसळले. विमानातील ४९ आणि घरातील एक, अशी ५० माणसे गेली. विमानात बिघाड नव्हता. विमान 'स्टॉल' झाले होते.

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे. हा गैरसमज फार पसरलेला आहे. विमानाचा पंख हवा कापत पुढे जातो तेव्हा त्याच्यावर वरच्या दिशेने बल निर्माण होते. या उत्थापक बलाचे मान वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट झाला तर बल चौपट होते, आणि वेग सात दशांशावर आला तर बल जवळजवळ निम्मे होते. विमानाचे वजन तर तेवढेच राहते. मग कमी वेगात ते तोलायचे कसे? पंखाचा समोरून येणाऱ्या हवेशी होणारा कोन वाढवून. पण ही युक्ती एका मर्यादेपर्यंतच चालते. सर्वसाधारण पंखाच्या बाबतीत हा कोन १५ अंशांच्या आसपास गेला की पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारी हवा सुटते, भोवरे होतात आणि उत्थापक बल एकाएकी ढासळते. हाच स्टॉल.

घरी टेबलफॅनसमोर जाड पुठ्ठ्याचा तुकडा आडवा धरून त्याची पुढची कड हळूहळू वर करा. प्रथम पुठ्ठा हाताला वर ओढतो. कोन वाढवत गेलात की एका टप्प्यानंतर तो वर कमी आणि मागे जास्त ढकलला जातो. (एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून हा प्रयोग करू नये, हे सांगायला नकोच.)

आता वैमानिकाच्या जागी स्वतःला ठेवा. विमान खाली चालले आहे असे वाटताच हात आपोआप सुकाणूचा दांडा मागे ओढतो, म्हणजे विमानाचे नाक वर करतो. स्टॉलमध्ये नेमके हेच करायचे नसते. दांडा पुढे ढकलून नाक खाली करायचे, कोन कमी करायचा आणि इंजिनाची शक्ती वाढवून वेग मिळवायचा. जमीन जवळ असताना नाक जमिनीकडे वळवणे हे मनाच्या विरुद्ध आहे, म्हणूनच ते हाताला वळण लागेपर्यंत शिकावे लागते. बफेलोच्या विमानात वेग कमी झाल्याचा इशारा म्हणून दांडा थरथरू लागला. कप्तानाने तो मागे ओढला. तिथून विमान सावरले नाही.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत आणखीही गोष्टी बाहेर आल्या. सहवैमानिक २४ वर्षांची होती. ती राहत होती सिअॅटलकडे आणि तिचे कामाचे ठाणे होते सुमारे ३,९०० किलोमीटर दूर न्यूअर्कला. कामावर येण्यासाठी तिने मालवाहू विमानांतल्या मोकळ्या आसनावर बसून मेम्फिसमार्गे रात्रभर प्रवास केला होता. न्यूअर्कला खोली घेऊन राहावे, तर त्या काळी प्रादेशिक कंपनीतल्या नव्या सहवैमानिकाचा पगार वर्षाला वीस हजार डॉलरच्या आसपास असे. अमेरिकेत तो अगदी तुटपुंजा. विमान चालवायला शिकण्याचा खर्च मात्र त्याच्या कित्येक पट.

पगार इतका कमी का? याचे उत्तर साध्या भागाकारात आहे. विमान ५० आसनांचे असो की १८० आसनांचे, पुढे बसणारे वैमानिक दोनच. दोघांना मिळून तासाला ३०० डॉलर द्यायचे असे समजू. पन्नास आसनांत विभागले तर एका आसनावर ६ डॉलर पडतात, एकशे ऐंशी आसनांत विभागले तर दोन डॉलरांहूनही कमी. त्यातून प्रादेशिक कंपन्यांचा बराच धंदा मोठ्या कंपन्यांसाठी ठरल्या दराने विमाने उडवण्याचा. विमानावर रंग आणि नाव मोठ्या कंपनीचे असते. तिकीट काढणाऱ्याला आत कोणाचे वैमानिक आहेत याचा पत्ताही नसतो. मग काटकसर कोठे होणार, ते उघड आहे.

अपघातात गेलेल्यांच्या नातेवाइकांनी नेट धरला. २०१० साली अमेरिकेच्या संसदेने कायदा केला आणि २०१३ पासून १५०० तासांची अट लागू झाली. लष्करी वैमानिकांना व विमानविद्येचे पदवीधर झालेल्यांना थोडी सवलत मिळाली. विश्रांतीचे नियमही कडक झाले. आता यातली गंमत पाहा. गंमत म्हणणे जिवावर येते, पण दुसरा शब्द सुचत नाही. बफेलोच्या विमानातल्या कप्तानाचे ३,३०० हून अधिक तास झाले होते आणि सहवैमानिकेचे २,२०० हून अधिक. दोघांनाही नवा नियम अडवू शकला नसता!

मग नियम निरुपयोगी म्हणावा का? वैमानिकांच्या संघटना म्हणतात, की नियमानंतर अमेरिकेतील विमानसेवा पूर्वी कधी नव्हती इतकी सुरक्षित झाली. हे खरेच आहे. २००९ नंतर प्रवासी विमानाचा मोठा प्राणघातक अपघात तिथे झाला तो थेट जानेवारी २०२५ मध्ये, वॉशिंग्टनला. आणि ती लष्करी हेलिकॉप्टरशी हवेत झालेली टक्कर होती. कंपन्या म्हणतात, की ही सुरक्षितता प्रशिक्षण, विश्रांती आणि यंत्रे यांच्यामुळे आली, तासांच्या आकड्यामुळे नव्हे. माझे मत विचाराल तर, तास ही मोजायला सोपी राशी आहे, म्हणून ती मोजली जाते. 'रोज किती तास अभ्यास करतोस?' हा प्रश्न आम्ही शिक्षक विचारतो, त्यातलाच हा प्रकार. तरीपण पुरेशा तासांशिवाय हाताला वळण लागत नाही, हेही तितकेच खरे.

या आकड्याचा भरतीवर काय परिणाम झाला, ते मोजू. २५० तासांवर परवाना मिळालेल्या तरुणाला आणखी १,२५० तास हवेत. बहुतेक जण ते उड्डाणशाळेत शिक्षक होऊन मिळवतात. काही जण आकाशात जाहिरातींचे फलक ओढतात, काही तेलवाहिन्यांवर टेहळणी करतात. महिन्याला ७० तास मिळाले तर सुमारे दीड वर्ष लागते. म्हणजे आज वैमानिक कमी पडले म्हणून आज तोटी उघडली, तर पाणी यायला काही वर्षे लागणार.

तोटीचे नाव निघालेच आहे, तर टाकीचे उदाहरणही घेऊ. टाकीत सतत पाणी येते आहे आणि तेवढेच बाहेर जाते आहे. अशा वेळी टाकीतले पाणी म्हणजे दर मिनिटाला येणारे पाणी गुणिले पाण्याचा टाकीतला सरासरी मुक्काम. एका कंपनीला ६०० वैमानिक लागतात असे धरू. वैमानिक सरासरी १२ वर्षे टिकत असेल तर दर वर्षी ५० नवे पुरतात. तो दोनच वर्षांत मोठ्या कंपनीकडे निघून जाऊ लागला, तर दर वर्षी ३०० नवे हवेत. भरती सहापट! आणि प्रत्येक नव्या वैमानिकाला वर्ग, मग सिम्युलेटर, मग अनुभवी कप्तानाशेजारी बसून खरी उड्डाणे. हे शिकवणारे कप्तानही त्याच टाकीतले.

टाकीला भोक पडले तेही एकदम. डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेने निवृत्तीचे वय ६० वरून ६५ केले. त्यामुळे पाच वर्षे निवृत्त्या जवळपास थांबल्या आणि पुढे त्या साठून आल्या. २०२० मध्ये करोनाच्या साथीत मोठ्या कंपन्यांनी हजारो ज्येष्ठ वैमानिकांना पैसे देऊन लवकर घरी पाठवले. प्रवासी मात्र अंदाजापेक्षा लवकर परतले. मोठ्या कंपन्यांनी २०२२ या एका वर्षात बारा हजारांहून अधिक वैमानिक घेतले, आणि त्यांतले फार मोठ्या संख्येने प्रादेशिक कंपन्यांमधून उचलले. मार्च २०२२ मध्ये स्कायवेस्ट या प्रादेशिक कंपनीने सरकारी अनुदानावर चालणाऱ्या २९ लहान गावांची सेवा बंद करण्याची नोटीस दिली. कारण दिले वैमानिकांच्या टंचाईचे. दुसरी कंपनी मिळेपर्यंत सेवा चालू ठेवा, असा सरकारला हुकूम काढावा लागला.

त्याच वर्षी पगार उसळले. एन्व्हॉय आणि पीडमाँट या प्रादेशिक कंपन्यांनी जून २०२२ मध्ये नव्या सहवैमानिकाला तासाला ९० डॉलर देऊ केले. अर्ज आले, वर्ग भरले. तरी विमाने जमिनीवरच राहिली! आता सहवैमानिक होते, पण कप्तान नव्हते. कप्तान होण्यासाठी विमानसेवेतले आणखी १,००० तास लागतात आणि सहवैमानिकाला ते कप्तानाशेजारी बसूनच मिळतात. कप्तान भरपूर असतील तर महिन्याला ७० तास, म्हणजे सव्वा वर्षात माणूस तयार. कप्तान कमी असतील तर उड्डाणे कमी. समजा महिन्याला ३० तासच मिळाले. मग लागतात पावणेतीन वर्षे. म्हणजे कप्तान जितके कमी, तितके नवे कप्तान होणे सावकाश. विरजणच संपले तर घरात कितीही दूध असून दही लागत नाही, तशातली ही गत.

आपल्याकडे नियम निराळा आहे. भारतात २०० तासांच्या उड्डाणावर व्यावसायिक परवाना मिळतो आणि पुढे विशिष्ट जातीच्या विमानाचे शिक्षण घेऊन सहवैमानिक होता येते; १५०० तासांची अट येते ती पुढच्या, कप्तानपदाकडे नेणाऱ्या परवान्याला. गोंदिया, बारामती येथल्या उड्डाणशाळांतून असे विद्यार्थी तयार होतात. टाकीचे भोक बुजवायला मात्र आपण पगाराबरोबर कायदाही वापरला. २०१७ च्या नियमानुसार नोकरी सोडताना कप्तानाने एक वर्षाची आणि सहवैमानिकाने सहा महिन्यांची सूचना द्यायची. २०२३ मध्ये अकासा एअर या नव्या कंपनीचे ४३ वैमानिक ही मुदत न पाळता गेले, उड्डाणे रद्द झाली आणि प्रकरण न्यायालयात गेले.

अमेरिकेत पुढे काय झाले? घरातल्या गिझरचा नळ आठवा. नळी लांब असली की गरम पाणी यायला वेळ लागतो. आपण अधीर होऊन नळ अधिक उघडतो आणि थोड्या वेळाने हात भाजतो. २०२२ चे पगार पाहून हजारो तरुणांनी कर्ज काढून उड्डाणशाळेत नाव घातले. ते शिकून, तास जमवून बाहेर येईपर्यंत २०२४ उजाडले. तोवर नवी विमाने कारखान्यांतून उशिरा येऊ लागली होती, आणि मोठ्या कंपन्यांनी भरतीचा वेग कमी केला होता. प्रादेशिक कंपन्यांच्या दारात १५०० तास पुरे केलेल्यांची रांग लागली आणि आत कप्तानांच्या खुर्च्या अजून पुरत्या भरलेल्या नव्हत्या.