टाचेने टाकायचा गिअर: घरच्या घरी लिव्हर

गाडी चालवताना ऐकत असाल तर आत्ता बंद करा, घरी पोचल्यावर ऐका. आज कागद-पेन्सिल लागणार आहे.

विषय आहे बाईकचा गिअर लिव्हर. कळवणला माझा चुलतभाऊ आहे. त्याच्या डाव्या पायाची नस दुखावली आणि पंजा वर उचलणं बंद झालं. दाबता येतं, उचलता येत नाही. गाडी 150 सीसी, एक गिअर खाली, चार वर, आणि लिव्हर फक्त पंजाचा. पहिला गिअर आरामात पडायचा, पण दुसऱ्यासाठी तो मांडीपासून अख्खा पाय उचलायचा. गावात चालून जातं, पण नांदुरीहून सप्तशृंगगडावर जाताना वळणावळणाला गिअर बदलावा लागतो. मला म्हणाला, "दादा, गाडी विकून टाकू का?" शेताच्या वाटेला स्कूटर काय कामाची!

आता बघा, हे सगळं सी-सॉसारखं आहे. इंजिनातून बाहेर आलेला गिअरचा शाफ्ट म्हणजे मधला टेकू. पुढून पंजाने वर उचला किंवा मागून टाचेने खाली दाबा, शाफ्ट एकाच दिशेला फिरतो. म्हणजे मागे एक दांडी वाढवली की काम झालं. फक्त एक लक्षात ठेवा: स्प्लेंडरला चारही गिअर पुढे दाबून पडतात, तिथे टाचेने गिअर कमी होतो. एक खाली-चार वर असलेल्या गाडीत टाचेने गिअर वाढतो. घरात दोन्ही गाड्या असतील तर पहिले काही दिवस गोंधळ नक्की. (जुनी बुलेट चालवलेल्या काकांना विचारा, त्यांचा गिअर उजव्या पायाला होता. येझदीला तर गिअरचाच लिव्हर फिरवून किक मारायची.)

दांडी किती लांब? शाफ्टच्या मध्यापासून पंजाची खुंटी 100 मिमीवर असेल आणि ती 25 मिमी हलत असेल, तर 160 मिमीवरची टाचेची पट्टी 40 मिमी हलणार. जोर एक तृतीयांशाहून जास्त कमी लागतो, पण पाय तेवढा जास्त हलवावा लागतो. फुकट काही मिळत नाही. पट्टीखाली ती 40 मिमी मोकळी जागा हवी. फूटरेस्ट आडवा येतो, दुमडलेला साइड स्टँड आडवा येतो. म्हणून आधी जाड पुठ्ठ्याचा लिव्हर कापून लावा, नेहमीचे बूट घालून गाडीवर बसा, आणि खुणा करा. आम्ही तीन पुठ्ठे कापले. लोखंड कापण्यापेक्षा पुठ्ठा कापणं स्वस्त.

त्याआधी स्पेअर पार्टच्या दुकानात आपला लिव्हर घेऊन जा. दुसऱ्या मॉडेलचा टाच-पंजाचा लिव्हर असतो. शाफ्टचा व्यास आणि दाते जुळले आणि तो कुठे अडत नसेल, तर बनवायची गरजच नाही. आमच्याकडे दाते जुळले, पण दांडी फूटरेस्टवर आपटत होती.

बनवायचाच असेल तर दातेवाला भाग घरी बनवायला जाऊ नका. जुना लिव्हर विकत घ्या आणि त्यालाच मागे पट्टी जोडा. 20 बाय 6 मिमीची साधी लोखंडी पट्टी, 200 मिमी लांब, वजन साधारण 190 ग्रॅम. याहून जड नको. मागचं वजन खड्ड्यात खाली हिसकतं आणि गिअरला नको तेव्हा धक्का बसतो. स्टेनलेस किंवा कडक स्टीलचा मोह आवरा. गाडी पडली तर लिव्हर वाकला पाहिजे. तो वाकला नाही तर मार शाफ्टवर जातो, आणि शाफ्टसाठी इंजिन खोलावं लागतं.

वेल्डिंग कायम लिव्हर गाडीवरून काढूनच. लावलेला असताना केलं तर उष्णतेने शाफ्टचं ऑइल सील जातं, आणि इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूही धोक्यात. कडा कानशीने गोल करा. पडल्यावर ती धार तुमच्याच पिंढरीला लागणार.

कायद्याचं पण सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ बनावटीतल्या बदलांवर बंधन घालतं, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, कैदेचीही तरतूद आहे. दिव्यांगांसाठी गाडी बदलून घ्यायची वेगळी सोय कायद्यात आहे. पायाची अडचण कायमची असेल तर आरटीओत जाऊन लायसन्स आणि गाडी, दोन्हींचं विचारा. आम्ही हेच आधी केलं.

चाचणी डबल स्टँडवर, इंजिन बंद. एका हाताने मागचं चाक फिरवत, दुसऱ्या हाताने पट्टी दाबत पाचही गिअर चढवा-उतरवा. चाक थांबलेलं असताना वरचे गिअर अडकतात, तो लिव्हरचा दोष नाही. प्रत्येक वेळी लिव्हर स्वतःहून मधे परत यायला हवा. पुढे शाफ्टजवळचा क्लॅम्प बोल्ट 50 किलोमीटरनंतर एकदा आणि मग दर सर्व्हिसिंगला आवळा. तो ढिला राहिला की आधी लिव्हरचे दाते झिजतात, मग शाफ्टचे.