प्रवासवृत्त वाचावें कसें : गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाच्या निमित्तानें

इतिहासाच्या साधनांची प्रतवारी लावतांना सनदा, महजर, निवाडे व अस्सल पत्रें यांस पहिला मान देण्यांत येतो. त्यांच्या मागून बखरी, कैफियती व शकावल्या येतात. आणि प्रवासवृत्त बहुधा पंक्तीच्या शेवटास बसतें. यास कारणहि आहे. सनदेवर शिक्का असतो, पत्रावर तिथि असते, निवाड्याखालीं साक्षी असतात. प्रवासवृत्त लिहिणारा मात्र कोणाचा अधिकारी नव्हे व कोणास जबाब देणाराहि नव्हे. राजकीय घडामोडींचा निर्णय केवळ अशा लेखावरून करूं नये हें खरें. परंतु या विस्तीर्ण देशांतील एका प्रांताच्या माणसास दुसऱ्या प्रांतांतील राहणी, अन्न, वेष, देवधर्म व दानदक्षिणा कशी दिसली, हा प्रश्न विचारला म्हणजे सनदा मुक्या होतात. जें नित्याचें असतें तें गांवकरी लिहून ठेवीत नाहीं. बाहेरून आलेल्याच्या नजरेंत तेंच प्रथम भरतें. म्हणून स्थानिक संस्कृतीच्या अभ्यासास प्रवासवृत्त हें पहिल्या प्रतीचें साधन होय, असें आमचें म्हणणें आहे. मात्र तें वाचण्याची रीत निराळी आहे, आणि तें जतन करण्याची जबाबदारीहि निराळी आहे. हीं दोन्ही विधानें एका सर्वपरिचित ग्रंथाच्या आधारें स्पष्ट करावीं, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

हा ग्रंथ म्हणजे विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’. वरसई हें पूर्वींच्या कुलाबा, हल्लींच्या रायगड जिल्ह्यांत पेणजवळचें गांव. घरांत वैदिक भिक्षुकी, आणि डोक्यावर कर्ज. श्रीमंत बायजाबाईसाहेब शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार व त्या प्रसंगीं मोठा दानधर्म होणार, अशी वार्ता आली; तेव्हां विष्णुभट व त्यांचे चुलते रामभट हे इ. स. १८५७ मध्यें उत्तरेकडे निघाले. तिकडील भांगेची चाल व तिकडील स्त्रियांच्या मोहिनीविषयींच्या समजुती यांची घरच्या मंडळींस फार धास्ती वाटत होती. त्या काळीं आपल्याकडील लोक उत्तरेकडील मुलखासच ‘हिंदुस्थान’ म्हणत. काशी, प्रयाग, मथुरा या क्षेत्रांचीं नांवें नित्याच्या संकल्पांत व कथाकीर्तनांत ऐकलेलीं. पण तिकडील माणूस कसा जेवतो, कसा बोलतो, याची वार्ताहि नाहीं, अशी ती स्थिति होती. पुढें महू, ग्वाल्हेर, झांशी, काळपी, चित्रकूट, ब्रह्मावर्त, अयोध्या, काशी असा हा प्रवास झाला. वाटेंत बंडाची धामधूम उसळली, मिळविलेलें द्रव्य वारंवार लुटलें गेलें, आणि शेवटीं गंगोदकाची कावड खांद्यावर घेऊन विष्णुभट आईबापांच्या पायांशीं परत आले.

या ग्रंथाचा बोलबाला झाला तो सत्तावन सालच्या बंडाची हकीकत म्हणून. झांशीचा वेढा, सर ह्यू रोज यांच्या फौजेनें एप्रिल १८५८ च्या प्रारंभीं शहरांत केलेला प्रवेश, त्यानंतरची कत्तल व लूट, हें सर्व विष्णुभटांनीं शहरांत राहून भोगलें. परंतु लढाईची माहिती इंग्रजी कागदपत्रांतहि सांपडते. त्या कागदांत जें नाहीं, तें येथें पाहावें. राणी लक्ष्मीबाईंचा दिनक्रम घ्या. पहाटेचा मल्लखांब व घोड्याची रपेट, स्नानाची हौस व त्यासाठीं तापविलेले ऊन पाण्याचे हंडे, पांढरें चंदेरी पातळ, पार्थिवपूजा, पुराणश्रवण, दुपारचा दरबार, कधीं पुरुषी वेष, महालक्ष्मीच्या दर्शनास निघणारी स्वारी. हें वर्णन भिक्षुकाच्या नजरेचें आहे. पूजा कोणती, दान किती, ब्राह्मणांस वागणूक कशी, हें त्याच्या डोळ्यांतून सुटत नाहीं. थंडीनें कुडकुडणारे भिकारी दारीं जमले, तेव्हां त्यांस टोप्या, बंड्या व कांबळीं वांटण्याचा हुकूम झाला, ही गोष्ट कोणत्याहि खलित्यांत यावयाची नव्हे. काळपीच्या वाटेवर विहिरीपाशीं राणीची व त्यांची गांठ पडली. ते पाणी काढूं लागले असतां, आपण विद्वान् ब्राह्मण, माझ्यासाठीं पाणी काढूं नका, अशा आशयाचें बोलून तिनें स्वतः दोर हातांत घेतला. पराभूत राणीच्या मनांतील मर्यादेची कल्पना या एका प्रसंगावरून जितकी येते तितकी लांब चरित्रावरूनहि येणार नाहीं.

पोथ्यांच्या संग्राहकांस या ग्रंथांतील एक स्थळ विशेष जिव्हारीं लागेल. झांशीच्या वाड्यांत मोठा ग्रंथसंग्रह होता. वेद, भाष्यें, सूत्रें, स्मृति, पुराणें, ज्योतिष, वैद्यक अशा नाना विषयांच्या पोथ्या तेथें जमविलेल्या असून, एकादा ग्रंथ पाहिजे झाल्यास काशीचे पंडितहि नक्कल करण्यासाठीं तेथें येत, असें विष्णुभट सांगतात. लुटींत हा संग्रह नष्ट झाला. लुटीचा क्रमहि त्यांनीं दिला आहे : आधीं सोनेंनाणें, मग तांब्यापितळेचीं भांडीं, मग वस्त्रें, शेवटीं धान्य. या क्रमांत पोथीस किंमतच नव्हती. म्हणूनच तिचा नाश झाला. आज त्या संग्रहाच्या थोरवीची साक्ष एका प्रवासी भिक्षुकाच्या स्मरणांतून आपणांस मिळते, ही गोष्ट प्रवासवृत्तास गौण म्हणणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावी.

आतां वाचण्याच्या रीतीकडे वळूं. प्रवासवृत्तांतील मजकूर तीन थरांचा असतो : लेखकानें स्वतः पाहिलेलें, त्या स्थळीं लोकांकडून ऐकलेलें, आणि सर्वत्र पसरलेल्या वार्तेवरून घेतलेलें. हे थर एकाच शाईनें लिहिलेले असतात; ते वेगळे करण्याचें काम वाचकाचें आहे. झांशीचे गंगाधरराव यांच्या वर्तनाविषयीं व विक्षिप्तपणाविषयीं ‘माझा प्रवास’ या ग्रंथांत ज्या गोष्टी आहेत त्या पुष्कळदां प्रत्यक्षदर्शी वृत्त म्हणून उतरून घेतल्या जातात. परंतु गंगाधरराव नोव्हेंबर १८५३ मध्यें वारले, आणि विष्णुभटांनीं घर सोडलें तें १८५७ मध्यें. म्हणजे या सर्व गोष्टी दुसऱ्या थरांतील झाल्या. त्या टाकून द्याव्या असें नव्हे. गंगाधरराव कसे होते याचा तो पुरावा नसून, मृत्यूनंतर चार-पांच वर्षांनीं झांशीच्या ओसरीवर त्यांच्याविषयीं काय बोललें जात होतें याचा तो पुरावा आहे. तसेंच महूच्या सुमारास भेटलेल्या शिपायांनीं, सरकारनें धर्म बुडविण्यासाठीं चौऱ्यायशीं कलमें काढलीं आहेत, असें सांगितल्याची हकीकत. हा तिसरा थर. अशीं कलमें सरकारनें काढलीं होतीं कीं काय, हें शोधण्यापेक्षां शिपायी ती वार्ता खरी मानून चालत होते, हें अधिक मोलाचें आहे. अफवा ही सुद्धां त्या काळच्या समाजस्थितीची एक वस्तु आहे.

लेखकाची नजर कोठें पोंचत नाहीं, हेंहि पाहिलें पाहिजे. कोंकणांतून निघालेला भिक्षुक एवढ्या दूर देशीं उतरतो कोणाकडे? ग्वाल्हेरीस शिंद्यांचें राज्य, झांशीस नेवाळकरांचें घराणें, ब्रह्मावर्तास १८१८ नंतर जाऊन राहिलेल्या बाजीरावांचा परिवार, काशीस दक्षिणी ब्राह्मणांची जुनी वस्ती. मराठी बोलणाऱ्या घरांची ही सांखळी त्याच्या वाटेवर पसरलेली होती, आणि तिच्या एका कडीवरून दुसरीवर तो जात होता. यामुळें उत्तरेंतील दक्षिणी समाजाची माहिती या ग्रंथांत जितकी निकट आहे, तितकी बुंदेलखंडांतील शेतकऱ्याची किंवा विणकराची नाहीं. हा दोष म्हणून नव्हे, मर्यादा म्हणून सांगावयाचें. ज्या दारांतून प्रवासी घरांत शिरला, त्या दारासमोरील भागच त्यास उजेडांत दिसतो.

काळाचें अंतर ही आणखी एक गोष्ट. विष्णुभटांनीं हें वृत्त १८८३ मध्यें, म्हणजे प्रवासास निघाल्यापासून सव्वीस वर्षांनीं लिहिलें. याच्या तुलनेसाठीं तेलुगु भाषेंतील एनुगुल वीरस्वामी यांचें ‘काशीयात्रा चरित्र’ घ्यावें. वीरस्वामी हे मद्रासेच्या सुप्रीम कोर्टांत दुभाषी होते. १८३० च्या मे महिन्यांत ते मोठा लवाजमा घेऊन काशीस निघाले व हैदराबाद, नागपूर या मार्गानें जाऊन, काशी, गया, कलकत्ता करून १८३१ च्या सप्टेंबरांत परतले. त्यांनीं वाटेंतच रोजच्या रोज लिहिलें. तें त्यांच्या स्नेह्यानें १८३८ मध्यें छापिलें. त्यामुळें त्यांत मुक्काम, अंतरें, उतरण्याच्या सोयी, बाजार व जिनसांची उपलब्धता यांची नोंद बारकाईनें आली आहे. स्मरणावरून लिहिणाऱ्याच्या तिथि ढळतात व टप्पे पुसट होतात. परंतु जो प्रसंग मनावर कोरला गेला तो तेजस्वी राहतो. एकाकडून मुक्कामांची यादी घ्यावी, दुसऱ्याकडून माणसाचा चेहरा. दोघांकडून एकच अपेक्षा करणें हा अन्याय होय.

येथपर्यंत वाचण्याची गोष्ट झाली. जतन करण्याची गोष्ट याहून नाजूक आहे. विष्णुभटांनीं हा ग्रंथ लिहिला तो भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहानें. आणि राज्यकर्त्यांच्या भयास्तव तो आपल्या मागून छापावा अशी अट होती. वैद्यांनीं तो १९०७ मध्यें छापिला. पण छापतांना भाषेवर संस्कार केले, मांडणी बदलली व कांहीं मजकूर गाळला. पुढें मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आलें, आणि महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ मध्यें त्यावरून मूळ संहिता प्रसिद्ध केली. म्हणजे सुमारें साठ वर्षें महाराष्ट्रानें जो ‘माझा प्रवास’ वाचला तो विष्णुभटांचा खरा, पण विष्णुभटांच्या वाणींतला नव्हे.

वैद्यांस दोष देणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. त्यांचा आग्रह नसता तर हा ग्रंथ लिहिलाच गेला नसता. आणि १९०७ सालीं बंडाविषयीं मुक्तपणें छापणें म्हणजे संकट ओढवून घेणें होतें. शिवाय त्यांच्यासमोर शिष्ट गद्य वाचणारा वर्ग होता. परंतु संपादकास जें अनघड वाटतें, त्यांतच प्रांताचें व पेशाचें वळण राहिलेलें असतें. कोंकणी भिक्षुकाचा शब्द काढून पुणेरी शब्द घातला कीं वाक्य गुळगुळीत होतें, पण बोलणारा नाहींसा होतो. परदेशच्या रीतीचें वर्णन करतांना तो कोणत्या घरगुती शब्दाचा आश्रय घेतो, यावरूनच त्यास ती रीत कशी उमगली हें कळतें. तो शब्द गेला कीं पाहणारा गेला, आणि उरली ती केवळ माहिती. सुदैवानें येथें मूळ प्रत राहिली म्हणून हानि भरून निघाली. छापील पुस्तक झालें, आतां जुन्या बाडाचें काय काम, असें म्हणून तें कोणी रद्दींत घातलें असतें, तर आपल्या हातून काय गेलें हेंहि आपणांस कळलें नसतें.

राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड १८९८ मध्यें काढला, तेव्हांपासून पत्र जसेंच्या तसें छापावें हा दंडक आपल्याकडे मान्य झाला आहे. तोच दंडक प्रवासाच्या कागदांसहि लावावा, ही आमची संग्राहकांस विनंति आहे. भिक्षुकांच्या, कारकुनांच्या व सावकारांच्या घरच्या दप्तरांत पूर्ण प्रवासवृत्त क्वचित् सांपडेल. पण वाटखर्चाचीं टांचणें, मुक्कामांच्या याद्या, क्षेत्राहून घरीं धाडलेलीं पत्रें, उतरून आणलेल्या पोथ्यांच्या शेवटीं स्थळकाळाच्या नोंदी, हीं पुष्कळ ठिकाणीं आहेत. नाशिक, काशी, गया येथील क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूचें नांव, गांव, गोत्र, पूर्वजांचीं नांवें व आल्याची तिथि, पुष्कळदां त्याच्याच हस्ताक्षरांत, मिळते. टांचणावरून वाट ठरते, वहीवरून तिथि ठरते, आणि मग वृत्तांतील मनुष्य पुराव्याच्या आधारानें उभा राहतो.

म्हणून असा कागद हातीं आल्यास त्याचें शुद्धलेखन सुधारूं नये. खर्चाची बाजू बिनमहत्त्वाची म्हणून वगळूं नये. तो कोणाच्या घरीं, कोणत्या रुमालांत, कोणत्या कागदांच्या शेजारीं मिळाला हें टिपून ठेवावें. आणि छापून झाला तरी मूळ कागद संभाळावा. झांशीचा ग्रंथसंग्रह लुटणाऱ्यांनीं नाहींसा केला. त्यावर आपला इलाज नव्हता. माळ्यावरचें बाड वाळवीनें किंवा आपल्या बेपर्वाईनें जावयाचें असेल, तर त्यावर मात्र इलाज आहे, आणि तो आपल्याच हातीं आहे.