गारपीट व तिचा अंदाज

गारपीट : गर्जन्मेघांतून बर्फाचे गोल वा ओबडधोबड तुकडे जमिनीवर पडण्याच्या आविष्काराला गारपीट म्हणतात. गारेचा व्यास निदान ५ मिमी. असावा, असा वातावरणवैज्ञानिक संकेत आहे. महाराष्ट्रात हिमवृष्टी होत नाही. येथे घन स्वरूपातील वर्षण येते ते गारांच्या रूपाने. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या खानदेशात गारपिटीचा काळ मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल हा होय. याच सुमारास गहू, हरभरा व मका काढणीला आलेले असतात, कांदा रानात असतो आणि केळीच्या बागांत घड लोंबत असतात. त्यामुळे धरणगावसारख्या तालुक्यात गारपिटीचा अंदाज नीट वाचता येणे, ही निव्वळ कुतूहलाची बाब राहत नाही.

गारपिटीचा उगम पुष्कळदा दूर उत्तरेस असतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमी वाऱ्यांबरोबर हिवाळ्यात एकामागून एक न्यूनदाब क्षेत्रे व त्यांच्या उंचावरील द्रोणी भारतात येतात. त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. काश्मीरमधील गुलमर्ग वा उत्तराखंडातील औली येथील बर्फावरून घसरण्याच्या खेळांची केंद्रे याच विक्षोभांच्या हिमवृष्टीवर जगतात. एखाद्या विक्षोभाची द्रोणी दक्षिणेकडे खोल उतरली, की खानदेशावर उंचावरून थंड व कोरडी हवा येते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारे खालच्या थरात शिरले आणि दुपारच्या उन्हाने जमीन तापलेली असली, तर हवा अस्थिर होते व गर्जन्मेघ उभे राहतात.

मात्र एकाच विक्षोभातून आलेल्या हिमाचा आणि गारांचा अंदाज सारख्याच विश्वासाने देता येत नाही. हिम शेकडो किमी. पसरलेल्या थरमेघांतून तासन्‌तास पडते. तेथे मुख्य प्रश्न असतो तो उंचीचा : गोठणपातळी कोठे आहे आणि कोणत्या उंचीच्या खाली हिमाऐवजी पाऊस पडेल. अशी हिमवृष्टी दोन-तीन दिवस आधी बऱ्याच खात्रीने सांगता येते, आणि पडलेले बर्फ काठीने मोजता येते. गार एकेकट्या मेघस्तंभातून येते. तिचा पट्टा काही किमी. रुंदीचा, कधी त्याहूनही अरुंद असतो व सारा प्रकार बहुधा अर्ध्या तासाच्या आत आटोपतो. एका शिवारात पीक झोडपले जावे आणि लगतच्या शिवारात थेंबही पडू नये, असे म्हणूनच घडते.

निर्मिती : गर्जन्मेघातील जोरदार ऊर्ध्व प्रवाह जलबिंदूंना गोठणपातळीच्या वर नेतो. ०° से. खालीही द्रवरूपात राहिलेले हे अतिशीतित बिंदू बर्फकणावर आदळून गोठतात व गार वाढत जाते. पाणी झपाट्याने गोठले, तर हवा अडकून पांढुरका अपारदर्शक थर बनतो. सावकाश गोठले, तर पारदर्शक. गार कापल्यावर कांद्यासारखी वलये दिसतात ती यामुळे. गार मेघात वारंवार खालीवर झोके घेते म्हणूनच वलये पडतात, हे जुने स्पष्टीकरण आता अपुरे मानले जाते. कमीअधिक जलांशाच्या भागांतून एकदाच प्रवास झाला तरी थर बनू शकतात. १ सेंमी. व्यासाची गार ताशी सु. ३० किमी. वेगाने पडते, तर ५ सेंमी. व्यासाच्या गारेचा वेग ताशी ७० ते ११० किमी. असू शकतो. पावसाळ्यात गोठणपातळी ५ किमी.च्या वर असते व ऊर्ध्व प्रवाह तुलनेने मंद असतात. त्यामुळे मोसमी पावसात गारा क्वचितच आढळतात.

अंदाजाची भाषा : भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या वर्गीकरणात खानदेशाचे जिल्हे मध्य महाराष्ट्र या उपविभागात येतात. अंदाजातील सर्वाधिक गैरसमज होणारा शब्द म्हणजे ‘तुरळक’. तुरळक ठिकाणी म्हणजे क्षेत्रातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर. काही ठिकाणी म्हणजे २६ ते ५० टक्के, आणि बऱ्याच ठिकाणी म्हणजे ५१ ते ७५ टक्के केंद्रांवर. हा शब्द विस्तार सांगतो, तीव्रता नव्हे. ‘तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता’ याचा अर्थ गारा लहान असतील असा नाही. पडतील तेथे त्या पिकाची पुरती नासाडी करू शकतात. गारपिटीच्या अंदाजात बहुधा हाच शब्द येतो. परिणामी जिल्ह्यातील बहुतेक गावांना अंदाज चुकल्याचा अनुभव येतो, वस्तुतः तो जिल्ह्यापुरता बरोबर ठरलेला असतो. दोनचार वेळा असे झाले, की शेतकरी पुढील इशाऱ्याकडे दुर्लक्ष करतो, आणि खरा तोटा येथेच होतो. रंगांचेही असेच आहे. पिवळा रंग लक्ष ठेवण्यास, नारिंगी सज्ज राहण्यास व लाल कृती करण्यास सांगतो. रंग ठरविताना शक्यता आणि संभाव्य परिणाम या दोहोंचा विचार होतो, त्यामुळे पिवळ्या रंगावरून गारेचे आकारमान ताडणे चूक ठरते.

चार-पाच दिवस आधीचा अंदाज फक्त परिस्थिती अनुकूल आहे एवढेच सांगतो. कोणत्या तालुक्यावर मेघ येईल, हे तो उभा राहिल्यावरच कळते. त्यासाठी तीन तासांपर्यंतचा तात्कालिक अंदाज दिला जातो. तो मुख्यतः डॉप्लर रडार, उपग्रहचित्रे व विजांच्या नोंदी यांवर आधारलेला असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप विजांची माहिती देते. रडारलाही मर्यादा आहे. पृथ्वीच्या वक्रतेमुळे अर्ध्या अंशाने कललेली रडारची शलाका २५० किमी. अंतरावर जमिनीपासून सु. ६ किमी. उंच गेलेली असते, म्हणजे मेघाचा खालचा भाग तिला दिसतच नाही. मुंबई व नागपूर ही दोन्ही शहरे धरणगावपासून सरळ रेषेत ३०० किमी.हून दूर आहेत.

आकाशाकडे पाहणाऱ्यालाही काही खुणा उपयोगी पडतात : फुलकोबीसारखा फुगत जाऊन वर ऐरणीसारखा पसरलेला ढग, विजांची एकाएकी वाढलेली संख्या, पावसाआधीचा थंड वाऱ्याचा झोत. या खुणा अर्धा-एक तासच देतात. तेवढ्यात कापून ठेवलेला हरभरा वा काढलेला कांदा ताडपत्रीखाली घेता येतो, गुरे गोठ्यात बांधता येतात व झाडाखालचा आसरा टाळता येतो. उभी केळी वाचविता येत नाही; पाने फाटतात आणि घडावरील माराच्या जागा पुढे काळ्या पडून सडतात. पिकावर जाळी पसरणे फळबागेतही खर्चाचे आहे. तोफांचे बार काढून गारा फोडण्याचा उद्योग यूरोपात १९०० च्या सुमारास जोरात होता व आजही अधूनमधून डोके वर काढतो, पण त्याला शास्त्रीय आधार नाही.

उत्तर प्रदेशातील मुरादाबादजवळ ३० एप्रिल १८८८ रोजीच्या गारपिटीत २४६ माणसे दगावली. गारपिटीतील मृत्यूंचा तो उच्चांक जागतिक हवामानविज्ञान संघटनेने नोंदला आहे. महाराष्ट्रात फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत २०१४ साली झालेल्या गारपिटीचे वैशिष्ट्य निराळे होते. एरवी एखाद-दुसऱ्या दिवसात ओसरणारी स्थिती त्या वर्षी पुनःपुन्हा निर्माण होत राहिली आणि खानदेशासह राज्याच्या मोठ्या भागातील रब्बी पिके व फळबागा झोडपल्या गेल्या.

गारपिटीच्या अंदाजाची शहानिशा करणे हेही अवघड काम आहे. तापमान वा पाऊस स्वयंचलित केंद्र मोजते. गारांची नोंद मात्र बहुधा पाहणाऱ्या माणसावर अवलंबून असते, आणि गारा तर लवकरच वितळतात. काही देशांत फेसाळ प्लॅस्टिकवर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा लावलेल्या फलकांवर पडलेल्या खळग्यांवरून त्यांचे आकारमान काढतात. आपल्याकडे पुष्कळदा महसूल खात्याचा पंचनामा हाच गारपिटीचा लेखी पुरावा उरतो. पण पंचनामा नुकसानीचा असतो, गारांचा नव्हे. पडीक माळरानावर पडलेल्या गारा त्यात येत नाहीत.