बोटांना व्यायाम, घरात मूषक

मनगटाचे हाड मोडले की साधारणपणे पाच-सहा आठवडे प्लास्टर असते. प्लास्टर निघते, हाड जुळलेले असते; पण मूठ वळत नाही, चोळीचे बटण लागत नाही, भाताचा घास नीट कालवता येत नाही. विशेषतः साठीच्या पुढच्या स्त्रियांची ही तक्रार दवाखान्यात नेहमी ऐकू येते. प्लास्टरमध्ये बोटे मोकळी असतात. ती पहिल्या दिवसापासून हलवायची असतात. परंतु भीतीपोटी हात गळ्यात अडकवून स्वस्थ बसण्याकडे कल असतो आणि सांधे आखडतात. अर्धांगवायूनंतर हातात थोडी हालचाल परत आलेल्या रुग्णांचेही असेच होते. चांगल्या हाताने सर्व कामे उरकली जातात व दुबळा हात आणखी मागे पडतो.

रबरी चेंडू दाबण्याचा व्यायाम सांगितला, तर चार दिवसांत त्याचा कंटाळा येतो. म्हणून मी अशांना कागदाच्या पट्ट्या गुंडाळण्याची कला सुचवतो. तिला क्विलिंग म्हणतात. पट्टी गुंडाळताना अंगठा व तर्जनी यांची चिमटी लागते, दुसऱ्या हाताला आधार द्यावा लागतो आणि नजर हातावर राहते. मेंदूचा हालचाल घडवणारा जो भाग आहे, त्यातील मोठा हिस्सा एकट्या हाताने व्यापलेला असतो. उपयोगाची हालचाल पुन्हा पुन्हा केली की मेंदू ती नव्याने शिकतो. व्यवसायोपचार या शाखेचे सूत्र हेच आहे.

मूषक असा करा

साहित्य घरचेच आहे : रंगीत झेरॉक्सचा कागद, पांढरा डिंक, कात्री, पुठ्ठ्याचा तुकडा व विझलेल्या उदबत्तीची काडी. काडीचे टोक ब्लेडने अर्धा सेंटिमीटर चिरून घ्यावे. हे काम घरातील दुसऱ्याने करावे. कागदाच्या ५ मिलिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या कापाव्यात.

करड्या रंगाच्या तीन पट्ट्या टोकाला टोक चिकटवून एक लांब पट्टी करा. तिचे टोक काडीच्या चिरेत अडकवून घट्ट गुंडाळा. गुंडाळी काढून रुपयाच्या नाण्याएवढी सैल होऊ द्या आणि शेवट चिकटवा. आता एका बाजूने चिमटीत दाबा. थेंबासारखा आकार होईल. टोकदार बाजू म्हणजे तोंड. अर्ध्या-अर्ध्या पट्टीच्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या दोन घट्ट गुंडाळ्या म्हणजे कान. काळ्या पट्टीच्या तीन सेंटिमीटर तुकड्याचा मोहरीएवढा डोळा करा. आठ सेंटिमीटरची पट्टी पेन्सिलीभोवती फिरवली की शेपटी वळते. सर्व भाग पुठ्ठ्यावर चिकटवा. गणपतीच्या मखरापुढे हा मूषक शोभून दिसतो. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून कागदाची सजावट अनेक घरांत पुन्हा आली आहेच.

बोटे फार ताठ असतील तर सुरुवात एक सेंटिमीटर रुंद पट्टीने व जाड पेन्सिलीवर करावी. जमू लागले की पट्टी अरुंद करावी. पहिला उंदीर वाकडा झाला तरी हरकत नाही; बोटे वळली, हे महत्त्वाचे.

ही काळजी घ्या

एका वेळी पंधरा-वीस मिनिटे पुरेत. दिवसातून दोनदा करावे. मध्ये मान व खांदे सैल सोडावेत. चाळिशी उलटलेल्यांनी जवळचा चष्मा लावून, चांगल्या उजेडात बसावे. काम संपल्यावर थोडा वेळ हात दुखला तर चालेल. परंतु बोटे सुजली, लाल झाली किंवा दुखणे रात्रभर राहिले, तर थांबून डॉक्टरांना दाखवा. संधिवाताने सांधे सुजलेले असताना हे काम करू नये. जुना मधुमेह असून बोटे बधिर झाली असल्यास ब्लेड, टाचणी वापरू नका. टोचलेले कळत नाही व जखम चिघळते. नातवंडे जवळ असतील तर टाचण्या व बारीक गुंडाळ्या उचलून ठेवाव्यात; लहान मुले त्या तोंडात घालतात.

हा छंद डॉक्टरांनी सांगितलेल्या व्यायामाला जोड आहे, पर्याय नाही. आणि एक गोष्ट घरातील प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळू लागले, तर मालिश करत घरी बसू नका. मेंदूतील गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. त्याआधी तपासणी व सी. टी. स्कॅनलाही वेळ लागतो. म्हणून त्रास सुरू झाल्याची वेळ कागदावर लिहा आणि ही सोय असलेल्या रुग्णालयात तडक न्या. वेळेवर वाचवलेल्या हाताला पुढे कष्ट कमी पडतात.