मालक बदलले, नाव भाडेकरूचे राहिले

घर कुणाचे? ज्याच्या नावाचा कागद, त्याचे, असे कायदा सांगतो. चाळीतल्या भाड्याच्या खोलीत पिढ्या काढलेल्या आपल्या आयाबायांना हे वेगळे सांगायला नको. खोली सोडली की भिंतीत ठोकलेला खिळासुद्धा आपला राहत नाही. परंतु वाचकहो, लंडनमधल्या एका जुन्या घराने हा हिशेब उलटा करून दाखविला आहे.

उत्तर लंडनमध्ये प्रिमरोझ हिल ही टेकडी आहे. तिच्याजवळ किंग हेन्रीज रोडवरील १० नंबरच्या घरात १९२१-२२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर भाड्याने राहत होते. सिडनहॅम कॉलेजातील पगारातून साठविलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज, एवढ्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले होते. इकडे परळच्या बी. आय. टी. चाळीत माता रमाई काटकसरीने संसार ओढत होत्या. तिकडे बाबासाहेब अर्धपोटी राहून अभ्यास करीत होते. त्या कष्टांतून एम. एस्सी., बॅरिस्टर आणि १९२३ साली डी. एस्सी. या पदव्या आल्या.

बाबासाहेब गेले, घर खासगी मालकीतच राहिले. पुढे तेथे येऊन गेलेल्या थोर भाडेकरूच्या नावाचा गोल फलक दारावरच्या भिंतीवर लागला.

काही वर्षांपूर्वी घर विक्रीस निघाले. ब्रिटनमधील आंबेडकरी व बौद्ध संघटनांच्या महासंघाने ते घेण्याचा आग्रह धरला. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने तीस लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन ते विकत घेतले. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले.

पण मालकी मिळाली म्हणजे सारे मिळाले असे नाही! राहत्या घराचे संग्रहालय करायला तेथे नगरपालिकेची परवानगी लागते. ती घेतलेली नव्हती. शेजाऱ्यांनी गर्दीची व आवाजाची तक्रार केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये कॅम्डेन कौन्सिलने परवानगी नाकारली. वस्तीतील एक राहते घर कमी होते, हे कारण दिले. स्मारक बंद पडण्याची वेळ आली. अपील झाले, सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर चौकशी होऊन साक्षी झाल्या आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनी परवानगी दिली.

या लढ्यात मोर्चा नव्हता, घोषणा नव्हत्या. होते अर्ज, कागदपत्रे आणि मुदती. बाबासाहेबांनी शिकविलेला कायद्याचा मार्ग त्यांच्याच घराच्या कामी आला. आपण मात्र धडा घ्यावा, की परवानगीचा कागद आधी, उद्घाटनाची फीत नंतर. गावोगावच्या विहारांना आणि वाचनालयांनाही हेच लागू आहे.

आज रात्री मुलांना या घराची गोष्ट सांगा. त्याचे आधीचे मालक कोण होते, हे कुणी विचारीत नाही. एक-दीड वर्ष राहून गेलेल्या विद्यार्थ्याला मात्र जग विसरलेले नाही. दहा बाय दहाच्या खोलीत दिव्याखाली अभ्यासाला बसलेल्या आपल्या मुलामुलीने एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.